ऑफिसच्या फोन सिस्टिमचे डायलिंग नियम: कागदावरच्या आराखड्यापासून चाचणीपर्यंत

ऑफिसमधल्या फोनवरून कुणी नंबर दाबला की सिस्टिमला क्षणार्धात चार गोष्टी ठरवाव्या लागतात. नंबर पूर्ण झाला की अजून अंक यायचे आहेत? तो आतला आहे की बाहेरचा? या फोनला तो लावायची परवानगी आहे का? आणि बाहेर पाठवायचा तर कोणत्या लाइनवरून, कोणत्या रूपात? याची उत्तरं ज्या नियमांत लिहिलेली असतात ते डायलिंग नियम. तांत्रिक लोक त्यालाच डायल प्लॅन म्हणतात.

मी पाहिलेल्या बहुतेक बिघडलेल्या डायल प्लॅनचं दुखणं एकच असतं. चारही उत्तरं एकाच नियमात कोंबलेली असतात. ‘सुरुवातीला ९ असेल तर काढ, पुढे ० असेल तर दुसऱ्या लाइनवरून पाठव, पण स्वागतकक्षातला फोन असेल तर अडव’ असा नियम ज्या दिवशी लिहिला त्या दिवशी चालतो. पुढे सेवा देणारी कंपनी बदलली की असे वीस नियम उकलत बसावं लागतं. म्हणून या लेखात माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: लोक काय दाबतात, सिस्टिम आतमध्ये काय धरून चालते आणि लाइनवर काय पाठवलं जातं, हे तीन थर वेगळे ठेवा. मधल्या थरात प्रत्येक नंबर एकाच रूपात असू द्या.

ते रूप आयतं उपलब्ध आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ई.१६४ या मानकानुसार प्रत्येक नंबर म्हणजे देशाचा कोड (१ ते ३ अंकी) आणि त्यापुढे त्या देशातला नंबर, सगळं मिळून जास्तीत जास्त १५ अंक. लिहिताना आधी + लावतात. मोबाइलच्या संपर्कयादीत आपण नंबर साठवतो तसाच.

उदाहरणांसाठी ब्रिटनची नंबरपद्धत घेतो. तिथल्या नियामकाने ०२० ७९४६ ०००० ते ०९९९ हे लंडनचे नंबर नाटक-सिनेमात वापरण्यासाठी राखून ठेवले आहेत, त्यामुळे उदाहरणातला नंबर कुणाच्या घरी वाजत नाही. तुमच्या देशाचे अंक घातलेत की बाकीचं सगळं तसंच लागू पडतं.

पायरी १: संगणकाला हात लावण्याआधी कागद घ्या

चालू सिस्टिम असेल तर गेल्या काही महिन्यांच्या कॉलची नोंद काढा आणि ‘दाबलेला नंबर’ हा रकाना नीट वाचा. लोक नंबर कसे दाबतात याबद्दलचा आपला अंदाज आणि प्रत्यक्ष यांत बराच फरक निघतो. कुणी देशाचा कोड लावून गावातल्या गावात फोन करतं, कुणी जुन्या सिस्टिमच्या सवयीने अजून आधी ९ दाबतं, कुणी संगणकावरून नंबर चिकटवतं आणि त्यासोबत कंस आणि मोकळ्या जागाही येतात. हे सगळे प्रकार कागदावर उतरवा, कारण प्रत्येकासाठी नियम लागणार आहे.

मग देशाच्या नंबरपद्धतीची चार उत्तरं लिहा: देशांतर्गत नंबराआधी काय लावतात, परदेशी नंबराआधी काय लावतात, नंबरांची लांबी किती असते आणि आणीबाणीचे नंबर कोणते. परदेशी कॉलसाठी बहुतेक देशांत ०० चालतं, पण अमेरिका-कॅनडात ०११, ऑस्ट्रेलियात ००११ आणि जपानमध्ये ०१० आहे. देशांतर्गत कॉलसाठी बऱ्याच ठिकाणी ० लावतात, अमेरिका-कॅनडात १ आणि रशियात ८. डेन्मार्क, नॉर्वे, स्पेनमध्ये असा अंकच नाही, नंबर सगळीकडून सारखाच लावतात. एका देशासाठी लिहिलेले नियम दुसऱ्या देशातल्या शाखेत जसेच्या तसे उचलून ठेवता येत नाहीत ते यामुळेच.

पायरी २: एक्स्टेंशनचे अंक जपून निवडा

एक्स्टेंशन म्हणजे ऑफिसातल्या प्रत्येक फोनचा आतला छोटा नंबर. ती १०० पासून सुरू करायची पद्धत फार रुळलेली आहे, आणि तीच सगळ्यात घातक आहे. १०० ते १९९ या पट्ट्यात ११२ येतो. तो युरोपात आणि भारतात आणीबाणीचा नंबर आहे. अनेक देशांत १ ने सुरू होणारे इतरही तीन अंकी नंबर पोलीस, अग्निशमन किंवा सरकारी सेवांना दिलेले असतात. ११२ हे एक्स्टेंशन एखाद्या टेबलावर असेल, तर मदत मागणाऱ्याचा फोन त्या टेबलावर वाजेल.

माझा सल्ला असा: ऑफिस लहान असलं तरी एक्स्टेंशन चार अंकी ठेवा आणि पहिला अंक ०, १ किंवा ९ नको. उदाहरणार्थ ६००० ते ६९९९. शून्य देशांतर्गत आणि परदेशी नंबरांसाठी लागतं, एक सेवांच्या नंबरांसाठी, आणि ९ हा जुन्या सवयीतला बाहेरच्या लाइनचा अंक आहे. चार अंक घेतलेत की पुढे दुसरी शाखा उघडली तर तिला ७००० चा पट्टा देता येतो आणि जुने नंबर बदलावे लागत नाहीत. कॉल पार्किंग (कॉल थांबवून दुसऱ्या फोनवरून उचलणं), व्हॉइसमेल, कॉल फॉरवर्ड अशा सुविधांचे कोड * ने सुरू करा, म्हणजे ते कशालाच आडवे येणार नाहीत.

पायरी ३: बाहेरच्या लाइनसाठी आधी अंक हवा का?

जुन्या ईपीएबीएक्सवर (ऑफिसातल्या टेलिफोन एक्सचेंजवर) ० किंवा ९ दाबला की बाहेरच्या लाइनचा टोन यायचा. तेव्हा त्याची गरज होती. आज फोन पूर्ण नंबर गोळा करून एकदम पाठवतो, शिवाय निम्मे नंबर संपर्कयादीतून, ईमेलमधून किंवा मिस्ड कॉलवरून लावले जातात. त्या नंबरांच्या आधी ९ कोण लावणार? नवी सिस्टिम बसवत असाल तर हा अंक ठेवू नका.

मात्र जुनी सवय एका रात्रीत जात नाही. म्हणून संक्रमणाच्या काळात ९ लावूनही नंबर लागेल असा नियम ठेवा, जो फक्त ९ काढून उरलेला नंबर पुन्हा नेहमीच्या वाटेला लावतो. ९००० च्या पट्ट्यात एक्स्टेंशन ठेवू नका म्हटलं ते याचसाठी.

उत्तर अमेरिकेत ९ ठेवण्याचा आणखी एक तोटा आहे. बाहेरच्या लाइनचा ९, मग लांब पल्ल्याचा १, आणि बोट घसरून पुन्हा १ दाबला गेला की ९११ तयार होतो. आणीबाणी केंद्राला असे चुकीचे कॉल जात राहतात.

पायरी ४: आणीबाणीचे नंबर सगळ्यांत आधी

ही पायरी मी बाकी नियमांच्या आधी पूर्ण करतो आणि तिची चाचणीही आधी करतो. कारण सांगतो. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एका हॉटेलच्या खोलीत एका स्त्रीवर हल्ला झाला. तिची नऊ वर्षांची मुलगी खोलीतल्या फोनवरून वारंवार ९११ लावत राहिली आणि तो लागला नाही, कारण त्या फोनवर बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबावा लागत होता. ती स्त्री वाचली नाही. त्यानंतर २०१८ मध्ये तिच्या नावाने ‘केरीज लॉ’ हा कायदा झाला: १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवल्या जाणाऱ्या अनेक लाइनींच्या सिस्टिममध्ये कुठलाही अंक आधी न लावता ९११ लागलाच पाहिजे, आणि असा कॉल झाल्याची सूचना त्या जागेतल्या जबाबदार व्यक्तीपर्यंत पोहोचली पाहिजे. तुमच्या देशात असा कायदा असो वा नसो, नियम हाच ठेवा.

प्रत्यक्षात करायचं ते असं. देशातला प्रत्येक आणीबाणीचा नंबर जसाच्या तसा, एकेक करून लिहा. ब्रिटनसाठी ९९९ आणि ११२. जुन्या सवयीचा ९ अजून चालू असेल तर ९९९९ आणि ९११२ हेही लिहा. हे अंक अंगावर येतात, पण घाबरलेला माणूस यांतलं काहीही दाबू शकतो. ९ काढणारा नियम निष्काळजीपणे लिहिला तर ९९९ चा पहिला ९ गळून लाइनवर फक्त ९९ जातो. ऑस्ट्रेलियात आणीबाणीचा नंबर ००० आहे. तिथे ० हा बाहेरच्या लाइनचा अंक ठेवला तर हेच घडतं, लाइनवर ०० जातं.

हे नियम प्रत्येक फोनला लागू हवेत. लॉबीतला फोन, लिफ्टमधला फोन, ज्याला बाहेरचे कॉल बंद आहेत असा गोदामातला फोन, यांतला एकही सुटता कामा नये. सिस्को कॉल मॅनेजर या फोन सिस्टिममध्ये अशा नियमाला ‘अर्जंट प्रायॉरिटी’ची खूण करा, नाहीतर आणखी अंक येतात का याची वाट पाहण्यात सिस्टिम वेळ घालवू शकते. आणीबाणीच्या कॉलसाठी निदान दोन वेगळ्या लाइन ठेवा आणि समोर दिसणारा नंबर असा द्या, ज्यावर केंद्राने उलट फोन केला तर माणूस उचलेल.

घरून लॅपटॉपवर काम करणाऱ्यांचा विचार इथेच करायचा. त्यांचा कॉल ऑफिसच्या लाइनवरून बाहेर पडतो, म्हणून केंद्राला ऑफिसचा पत्ता दिसतो. सेवा देणाऱ्या कंपनीकडे प्रत्येक जागेचा पत्ता वेगळा नोंदवता येतो का ते विचारा. येत नसेल तर घरून काम करणाऱ्यांना लेखी कळवा की आणीबाणीत स्वतःच्या मोबाइलवरूनच फोन करा.

पायरी ५: नमुन्यांची भाषा

नियम लिहायला बहुतेक सिस्टिम नमुने वापरतात. ॲस्टरिस्क हे फोन सिस्टिम चालवणारं सॉफ्टवेअर आणि त्यावर उभ्या असलेल्या फ्रीपीबीएक्समध्ये इंग्रजी अक्षर एक्स म्हणजे ० ते ९ मधला कोणताही अंक, झेड म्हणजे १ ते ९ आणि एन म्हणजे २ ते ९. चौकटी कंसात हवे ते अंक लिहिता येतात, उदाहरणार्थ [२५-७] म्हणजे २, ५, ६ किंवा ७. टिंब म्हणजे ‘यापुढे एक किंवा अधिक काहीही’. पुढे मी एक्ससाठी क्ष, झेडसाठी झ आणि एनसाठी न लिहितो. तुम्ही तिथे इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी अंक टाका. ॲस्टरिस्कच्या फाइलमध्ये नमुन्याआधी _ हे चिन्ह लागतं.

लंडनच्या ऑफिससाठी आतला नमुना ६क्षक्षक्ष. गावातला आठ अंकी नंबर म्हणजे एक न आणि सात क्ष. देशांतर्गत नंबर म्हणजे ०, मग झ, मग नऊ क्ष. परदेशी म्हणजे ००झ आणि टिंब.

टिंब सोयीचं असलं तरी ते जपून वापरा. ॲस्टरिस्कमध्ये नुसतं _. लिहिलं तर ते कॉल संपणं, वेळ संपणं, चुकीचा नंबर अशा आतल्या खास नावांनाही लागू होतं आणि विचित्र बिघाड होतात. शिवाय टिंबात अंकांखेरीज इतर चिन्हंही शिरतात. संगणकावरून आलेल्या नंबरात कुणी मुद्दाम चिन्हं घुसवली तर एका कॉलचे दोन होऊ शकतात. म्हणून नंबर पुढे पाठवण्याआधी ‘फिल्टर’ फंक्शनमधून ० ते ९ एवढंच जाऊ द्या.

एकाच नंबराला दोन नमुने लागू पडले तर कोणता जिंकतो, हे प्रत्येक सिस्टिममध्ये वेगळं आहे आणि निम्मे घोळ इथेच होतात. फ्रीपीबीएक्समध्ये आउटबाउंड रूट (बाहेर जाणाऱ्या कॉलचे मार्ग) वरून खाली तपासले जातात, पहिला जुळला तो घेतला. ॲस्टरिस्कच्या एका कॉन्टेक्स्टमध्ये (म्हणजे नियमांच्या एका गटात) मात्र फाइलमधला क्रम बघितला जात नाही, जास्त नेमका नमुना जिंकतो. पण त्या कॉन्टेक्स्टमध्ये ‘इन्क्लूड’ करून जोडलेले दुसरे कॉन्टेक्स्ट नंतर तपासले जातात. मुख्य कॉन्टेक्स्टमध्ये ढोबळ नमुना असेल तर जोडलेल्या कॉन्टेक्स्टमधला नेमका नमुना कधी वापरलाच जात नाही. यावर उपाय साधा आहे: मुख्य कॉन्टेक्स्टमध्ये नमुने लिहूच नका, फक्त इन्क्लूडच्या ओळी ठेवा, आणि त्यांतली पहिली आणीबाणीची.

पायरी ६: दाबलेल्या नंबराला एकच रूप द्या

आता मधला थर. पायरी १ मध्ये कागदावर उतरवलेले सगळे प्रकार इथे एका रूपात आणायचे.

०२०७९४६०१२३ आला तर सुरुवातीचा ० काढून +४४ लावा.
७९४६०१२३ आला तर +४४२० लावा.
००४४२०७९४६०१२३ आला तर ०० काढून + लावा.
९०२०७९४६०१२३ आला तर ९ काढा आणि नंबर पुन्हा पहिल्या ओळीकडे पाठवा.
+४४०२०७९४६०१२३ आला तर ४४ नंतरचा ० काढा.

पाचही ओळींतून बाहेर पडतं ते +४४२०७९४६०१२३. पाचव्या ओळीतला प्रकार घडतो तो लोक नंबर ‘+४४ (०)२०’ असा लिहितात म्हणून. संगणक त्यातले कंस काढतो, शून्य मात्र तसंच ठेवतो. पण ‘देशाच्या कोडनंतरचा शून्य काढा’ असा सरसकट नियम करू नका. इटलीच्या लँडलाइन नंबरांत +३९ नंतरचा ० हा नंबराचाच भाग आहे, तो काढला तर फोन लागत नाही. हा नियम फक्त +४४ पुरताच लिहा.

दुसरी ओळ शाखेनुसार बदलते. लंडनमधून दाबलेले आठ अंक लंडनचे, पण दुसऱ्या गावातल्या शाखेतून दाबलेला छोटा नंबर त्या गावाचा. त्यामुळे गावातल्या नंबराचा नियम प्रत्येक शाखेच्या कॉन्टेक्स्टमध्ये वेगळा, बाकीचे सगळे सामाईक.

अंक काढण्याची रीत सिस्टिमप्रमाणे वेगळी. ॲस्टरिस्कमध्ये दाबलेला नंबर ज्यात असतो त्या ‘एक्स्टेन’ या व्हेरिएबलपुढे कोलन आणि १ लिहिलं की पहिला अंक सोडून बाकीचा नंबर मिळतो. फ्रीपीबीएक्सच्या रूटमध्ये ‘प्रीपेंड’ म्हणजे आधी जोडायचे अंक आणि ‘प्रीफिक्स’ म्हणजे काढून टाकायचे अंक. ही दोन नावं उलटी धरली जातात, तेव्हा एकदा सावकाश वाचून घ्या. सिस्कोमध्ये हे काम ट्रान्सलेशन पॅटर्न करतात.

पायरी ७: कोणाला काय लावता येईल

परवानग्या माणसागणिक ठरवू नका, वर्ग करा. फक्त आतले कॉल, देशांतर्गत कॉल, ठरावीक देशांचे कॉल आणि सगळीकडचे कॉल, एवढे चार वर्ग बहुतेक ऑफिसांना पुरतात. ॲस्टरिस्कमध्ये प्रत्येक वर्ग म्हणजे एक कॉन्टेक्स्ट, सिस्कोमध्ये कॉलिंग सर्च स्पेस.

नंबर आता एकाच रूपात असल्यामुळे वर्गांचे नियम अगदी लहान होतात: +४४ ने सुरू होत असेल तर देशांतर्गत, नाहीतर परदेशी. फक्त उत्तर अमेरिकेत हे पुरत नाही. तिथे +१ मध्ये जमैका, डोमिनिकन रिपब्लिक असे कॅरिबियन देशही येतात. त्यांचे नंबर दिसतात देशांतर्गत नंबरांसारखे, पण बिल परदेशी दराने येतं. ८७६, ८०९, ८२९, ८४९ अशा एरिया कोडना वेगळा नियम लिहावा लागतो.

दोन जागा हमखास सुटतात. एक, बाहेरून येणाऱ्या कॉलचा कॉन्टेक्स्ट. त्यातून बाहेर जाण्याचा एकही रस्ता नको, नाहीतर बाहेरचा माणूस तुमच्या लाइनवरून तुमच्या खर्चाने जगभर फोन करू शकतो. दुसरी, कॉल फॉरवर्ड. फक्त आतले कॉल करू शकणाऱ्या फोनवरून परदेशी नंबरावर फॉरवर्ड लावता येतो का, ते स्वतः लावून पाहा. फॉरवर्ड ज्याने लावला त्याच्या वर्गाप्रमाणे कॉल गेला पाहिजे. फोन करणाऱ्याच्या वर्गाचा इथे संबंध नाही.

पायरी ८: लाइनवर पाठवताना

सेवा देणाऱ्या एका कंपनीला + सकट नंबर हवा असतो, दुसरीला + नको पण देशाचा कोड हवा, आणि मोबाइल सिम बसवलेल्या गेटवेला (सिस्टिमला मोबाइल नेटवर्कशी जोडणाऱ्या यंत्राला) देशांतर्गत रूप, म्हणजे ० पासून. हा बदल फक्त त्या त्या ट्रंकच्या (कंपनीकडे जाणाऱ्या बाहेरच्या लाइनच्या) सेटिंगमध्ये करा. कंपनी बदलली तर बदलायची जागा एकच.

समोर दिसणारा नंबर तुम्हाला दिलेल्या नंबरांपैकीच असला पाहिजे. नसेल तर काही कंपन्या तो बदलतात, काही कॉलच नाकारतात. एकाहून जास्त ट्रंक असतील तर प्रत्येकावर कोणता नंबर दाखवायचा ते वेगळं ठरवा.

पहिली लाइन बंद असेल तर दुसरीवर जायचा नियम ठेवा, पण केव्हा जायचं ते नीट सांगा. लाइन उपलब्ध नाही, कंपनीच्या सर्व्हरने ५०३ (सेवा उपलब्ध नाही) हे उत्तर दिलं किंवा उत्तरच आलं नाही, तर दुसरी लाइन वापरा. समोरचा फोन व्यस्त असेल किंवा नंबर अस्तित्वातच नसेल तर दुसऱ्या लाइनवरून तोच नंबर पुन्हा लावण्यात अर्थ नाही, फोन करणारा उगाच ताटकळतो.

पायरी ९: फोनवरचा विलंब

सर्व्हरवर नियम चोख असूनही ‘नंबर दाबल्यावर फोन बराच वेळ गप्प बसतो’ अशी तक्रार येते. टेबलावरच्या फोनमध्येही एक छोटा डायल प्लॅन असतो, त्याला डिजिट मॅप म्हणतात. नंबर कुठे पूर्ण झाला हे फोनला कळलं नाही तर तो आणखी अंकांची वाट पाहतो आणि ठरलेले सेकंद उलटले की मगच कॉल पाठवतो. सिस्को कॉल मॅनेजरमध्ये ही वाट पाहण्याची मूळ मुदत १५ सेकंद असते. कानाला फोन लावून बसलेल्या माणसाला ती फार मोठी वाटते. सिस्टिम बिघडली असं वाटून लोक फोन ठेवतात आणि पुन्हा लावतात.

विलंबाचं मूळ दोन लांबींच्या टकरीत असतं. आमचं एक्स्टेंशन ६१२३ आणि गावातला आठ अंकी नंबरही ६१२३ ने सुरू होऊ शकतो. चार अंक दाबून माणूस थांबला तर फोनला काय समजणार? तुमच्या गावात ६ ने सुरू होणारे नंबर नसतील तर प्रश्नच नाही. असतील तर दोन पर्याय आहेत. एक, गावातला नंबरही एरिया कोडसकट लावायचा, म्हणजे ६ ने सुरू होणारं सगळं आतलं. मोबाइलच्या सवयीमुळे लोक आता पूर्ण नंबरच लावतात, म्हणून मला हाच बरा वाटतो. दुसरा, चार अंकांनंतर तीन-चार सेकंद थांबायचं. परदेशी नंबरांची लांबी ठरलेली नसते, त्यामुळे तिथे थोडी वाट पाहणं टळत नाही. नंबर दाबून शेवटी # दाबला की लगेच लागेल, एवढं लोकांना सांगून ठेवा.

डिजिट मॅपमध्ये आणीबाणीचे नंबर घालायला विसरू नका. सर्व्हरवर ते बरोबर असतील, पण फोननेच अडवले तर कॉल सर्व्हरपर्यंत जाणारच नाही.

पायरी १०: आत येणारे नंबरही सरळ करा

हा भाग बाहेर जाणाऱ्या कॉलचा वाटत नाही, पण आहे. आलेल्या कॉलचा नंबर कंपनीगणिक ०२०७९४६०१२३, ४४२०७९४६०१२३ किंवा +४४२०७९४६०१२३ असा येतो. मिस्ड कॉल बघून माणूस त्यावरच बटण दाबतो, आणि ४४ ने सुरू होणारा बारा अंकी नंबर कुठल्याच नियमात बसत नसेल तर ‘हा नंबर चुकीचा आहे’ असं ऐकू येतं. ग्राहकाला परत फोन जात नाही, आणि का ते कुणाला कळतही नाही. म्हणून कॉल आत शिरताक्षणी नंबराला + असलेलं रूप द्या. तेच फोनवर दाखवा आणि त्याच रूपात ग्राहकांच्या यादीत शोधा. ज्याने आपला नंबर लपवला आहे त्याच्या जागी अक्षरं येतात, ती मात्र तशीच राहू द्या.

पायरी ११: चोरीला वाव ठेवू नका

फोन सिस्टिममध्ये शिरून महागड्या परदेशी नंबरांवर कॉल लावणं हा जुना, चालता गुन्हा आहे. त्या कॉलच्या पैशात चोरांचा वाटा असतो. हे बहुधा रात्री किंवा सुट्टीला जोडून होतं, कारण तेव्हा ऑफिसात कुणी नसतं. परदेशी कॉलसाठी ‘बंद देशांची यादी’ करू नका. ज्या देशांत तुमचं काम आहे तेवढेच चालू ठेवा. +९७९ हा आंतरराष्ट्रीय प्रीमियम दराच्या सेवांचा कोड, +८७० आणि +८८१ हे उपग्रह फोनचे. यांची गरज ऑफिसला क्वचितच पडते. देशातल्या जादा दराच्या नंबरांनाही वेगळा नियम लावून अडवा.

एका एक्स्टेंशनवरून एका वेळी दोनच बाहेरचे कॉल, कामाच्या वेळेबाहेर परदेशी कॉल बंद, आणि सेवा देणाऱ्या कंपनीकडे दिवसाची खर्चमर्यादा, हे तिन्ही करा. शेवटची मर्यादा सगळ्यांत महत्त्वाची, कारण तुमच्या सिस्टिमचा ताबा गेला तरी ती टिकून राहते.

पायरी १२: चाचणी

कागदावरच्या प्रत्येक प्रकारासाठी एक ओळ करा: कोणत्या वर्गातल्या फोनवरून काय दाबलं, आतलं रूप काय व्हायला हवं, कोणत्या ट्रंकवरून कोणत्या रूपात जायला हवं, समोर कोणता नंबर दिसायला हवा. जे लागायला नको तेही यादीत हवं. लॉबीतल्या फोनवरून ००१२१२५५५०१२३ लावला तर तो अडलाच पाहिजे.

प्रत्यक्ष कॉल करण्याआधी ॲस्टरिस्कच्या कन्सोलवर ‘डायलप्लॅन शो’ ही आज्ञा, त्यापुढे नंबर, ॲटचं चिन्ह आणि कॉन्टेक्स्टचं नाव दिलं की कोणता नमुना जुळतो ते दिसतं. सिस्कोमध्ये डायल्ड नंबर ॲनालायझर हेच करतो. इथे सगळं बरोबर निघालं की मग खरे कॉल लावा.

कॉल अडला तर सिस्टिमच्या नोंदीत उत्तराचा आकडा बघा, आणि तो तुमच्या सिस्टिमने दिला की कंपनीच्या सर्व्हरने, हे आधी ठरवा. ४०४ म्हणजे असा नंबर सापडला नाही. तो कंपनीकडून आला असेल तर बहुधा पायरी ८ मधलं रूप चुकलं आहे. ४८४ म्हणजे नंबर अपुरा, एखादा अंक जास्त काढला गेला. ४०३ म्हणजे मनाई, तेव्हा दाखवलेला नंबर आणि खात्यावरची परवानगी तपासा.

आणीबाणीच्या नंबराची चाचणी न कळवता करू नका. सेवा देणाऱ्या कंपनीकडे त्यासाठी वेगळा चाचणी क्रमांक आहे का ते विचारा. नसेल तर त्या केंद्राशी साध्या नंबरावर बोलून, गर्दी नसलेली वेळ ठरवून एकच कॉल करा. त्या कॉलमध्ये त्यांना दिसलेला नंबर आणि पत्ता वाचून दाखवायला सांगा.

पायरी १३: चालू केल्यानंतर

नियमांच्या फाइलची तारखेसह प्रत ठेवा आणि प्रत्येक नियमाशेजारी तो का लिहिला ते एका ओळीत नोंदवा. नंबरपद्धती बदलत राहतात. भारतात १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी ० लावणं सक्तीचं झालं. अमेरिकेत मानसिक संकटातल्या लोकांसाठी ९८८ हा तीन अंकी नंबर १६ जुलै २०२२ पासून देशभर सुरू झाला, आणि त्याच्या तयारीसाठी ऑक्टोबर २०२१ पासून अनेक एरिया कोडमध्ये गावातल्या गावातही दहा अंक लावणं बंधनकारक झालं. ज्यांच्या फोन सिस्टिममध्ये सात अंकी नियम होते त्यांना ते बदलावे लागले, आणि ९८८ चा नियम नव्याने घालावा लागला. नियामकाच्या आणि सेवा देणाऱ्या कंपनीच्या सूचना वाचायचं काम ऑफिसमधल्या एका ठरावीक माणसाकडे द्या.

संक्रमणासाठी ठेवलेला ९ चा नियम केव्हा काढायचा, हे कॉलच्या नोंदीच सांगतील. ९ लावून झालेले कॉल दर महिन्याला मोजा. जे दोन-चार जण उरतील त्यांच्या फोनमधले साठवलेले नंबर दुरुस्त करून द्या, मग नियम काढा. ९९९९ आणि ९११२ या दोन ओळी मात्र त्यानंतरही तशाच राहू द्या.